मोज्यांच्या मशीनवरचा मणी

जिजी, तुझा मोजा अजून अर्धाच लटकतोय. टाचेपर्यंत आलीस आणि उठलीस. "आंग कसंनुसं व्हई ऱ्हायनं," म्हणालीस, पदराने कपाळ पुसलंस आणि आत जाता जाता मला दम दिलास, "कमळे, त्याले हात लावू नको, तू टाच बिघाडशी." नाही लावला बाई. तुझ्या तापात कोणाला मोज्याची आठवण होती? मग सुतक आलं, तेरावं झालं, अक्कलकुव्याचे आणि प्रकाशा गावचे पाव्हणे आपापल्या वाटेने गेले, ओसरीवरच्या सतरंज्या झटकून झाल्या, आणि मोजा आहे तिथेच आहे. खाली वजन लोंबतंय. सूत वरच्या काडीवरून येतंय, तुझ्या मण्यातून खाली उतरतंय आणि सुयांपाशी जाऊन थांबलंय. मी येता-जाता बघते आणि तोंड फिरवते.

आज मात्र तोंड फिरवून चालणार नाही. सकाळी तुझा भाऊ, माझा नवरा, मुंबईहून आलेलं पुडकं घेऊन आला. लढाई संपली, बोटी सुरू झाल्या, आणि इतकी वर्षं ज्यांची आपण वाट बघितली त्या मशीनच्या विलायती कड्या आल्या. चिनीमातीच्या, पांढऱ्या, धुतल्या तांदळासारख्या. त्याने त्या खिडकीत मांडल्या आणि मला म्हणाला, "आता तो मणी काढून टाक. नवी कडी बसव. शाळेचे मोजे अडलेत." त्याचंही काही चुकत नाही. तोही तुझ्यासाठी गोठ्यात जाऊन रडला, मी पाहिलंय. बाहेर आल्यावर म्हणाला डोळ्यांत भुसा गेला. पण जिजी, तुझा मणी काढायचा म्हणजे काय, हे त्याला नाही माहीत. ते दोघींनाच माहीत, तुला आणि मला. आणि तिसरं कोणाला माहीत आहे की नाही, यावरच तर आपण जन्मभर भांडलो.

हे मशीन घरात आलं तेव्हा मी नवी नवरी होते. नंदुरबारच्या उन्हात मोजे कोण घालणार, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले आणि मामंजी मोठ्याने हसले. तुझ्या भावाला तेव्हा स्वदेशीचं वारं लागलं होतं. कापसाच्या जिनातली नोकरी करून उरल्या वेळात तो देशाला मोजे पुरवणार होता. महिनाभर त्याने हॅन्डल फिरवलं, सुया मोडल्या, सुताचा गुंता केला, आणि मग त्याचा उत्साह जसा आला तसा गेला. मशीन कोपऱ्यात पडलं. तू अक्कलकुव्याहून कपाळ पांढरं करून माहेरी आलीस त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. दिवसभर कोणाशी बोलायची नाहीस. एका दुपारी तू त्या मशीनपुढे जाऊन बसलीस आणि एकेक सुई वर-खाली करून बघायला लागलीस. तुझी माय, माझी सासू, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिने मला हातानेच खूण केली, काही बोलू नको म्हणून.

त्यानंतर या घरात मोजे झाले. रेल्वेच्या बाबूंचे, शाळेच्या कवायतीचे, फौजदारसाहेबांचे. आणि मीही तुझ्यासोबत बसायला लागले. चारचौघांत तू मोठी नणंद, म्हणून मी अहो-जाहो करायची, मशीनपाशी बसलो की तू म्हणायचीस, "आठे अहो-जाहो नको व, सूत अटकस." ते खरंच वाटायचं मला तेव्हा. तेव्हापासून तुला 'तू' म्हणते, आणि आताही म्हणतेय.

पहिल्याच दिवशी तू मला ती कडी दाखवलीस. सगळ्या मशीनमध्ये जेमतेम हरभऱ्याएवढी. सूत तिच्यातूनच सुयांकडे जायचं. ती नीट असली तर प्रत्येक सुईला सूत बरोबर तोंडाशी मिळायचं. केसभर इकडेतिकडे झाली की सुई रिकामीच खाली यायची, टाका सुटायचा आणि मोज्याला भोक. तू माझं बोट धरून जुन्या कडीच्या आतून फिरवलंस. एक खाच लागली. चांगली खोल, नखाने लागेल अशी. "हे कोणी केलं?" मी विचारलं. "सूतनी," तू म्हणालीस. मला हसूच आलं. आपल्या खानदेशातल्या कापसाचं मऊ सूत, ते चिनीमातीला कापणार? पण कापायचं. रोज तिथूनच जायचं, तिथूनच घासायचं. मग त्या खाचेत अडकून तुटायचं. म्हणून जुनी कडी काढायची, नवी बसवायची.

आणि इथेच घोडं पेंड खायचं. घरात नवं काही आलं, चूल असो, जातं असो, विळा असो, त्याला हळदकुंकू लागल्याशिवाय मायने कधी वापरू दिलं नाही. हळदकुंकू सवाष्णीने लावायचं, आणि तिनेच ती वस्तू जागेवर बसवायची. मशीनच्या कडीलाही तोच नियम. आधी माय स्वतः ताट घेऊन यायची. मामंजी गेले, त्या दिवसानंतर तिने ताट माझ्या हातात दिलं आणि स्वतः उंबऱ्याच्या पलीकडूनच मागे फिरायला लागली. नियम तिने स्वतःवरही चालवला, हे मी कबूल करते. पण सवाष्ण कोण, तर मी. आणि माझे हात तुला माहीत होते!

आठवतं का तुला? मी पेचकस घेऊन वाकलेली, घाम गळतोय, आणि तू हातभर अंतरावर, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. शाळेतल्या पोरीसारखी. हात चुकून पुढे येतील म्हणून एका हाताने दुसरं मनगट धरलेलं. आणि तोंडाचा पट्टा सुरू. "डावा हातले फिराव. डावा व, डावा! तुले डावा समजस का? अजून वर. इतलं नही! तुन्हा हात शेतस का लाकडं?" मी चिडून म्हणायची, "मग तूच ये ना! कोण बघतंय?" दार लावलेलं असायचं, माय देवापाशी असायची, तुझा भाऊ जिनात. मी पेचकस तुझ्यापुढे धरायची. तू मान हलवायचीस. कधी हसून, कधी डोळे भरून.

या गोष्टीचा मला इतका राग यायचा की भाकरी थापताना मी परातीवर आदळआपट करायची. मशीन कोणाचं? तुझं. त्याचा आवाज ऐकून कोणती सुई आजारी आहे ते तू स्वयंपाकघरातून सांगायचीस. आणि हात लावायला मी, जिला डावं-उजवं कळत नव्हतं. मी तुला म्हटलं, तुझ्या आईला पोटच्या पोरीची दया येत नाही का. तेव्हा पहिल्यांदा तू माझ्यावर खरीखुरी चिडलीस.

तू मला खाली बसवलंस आणि सासरचं सांगितलंस. तुझा नवरा गेला आणि त्या घरात जे जे बिघडलं ते तुझ्या नावावर गेलं. म्हैस आटली, तुझ्यामुळे. दुकानातलं तेलाचं भांडं फुटलं, सकाळी तू त्या बाजूने गेली होतीस म्हणून. धाकट्या दिराला ताप आला, तुझी सावली. माय तुला आणायला आली तेव्हा ते सगळं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. बैलगाडीत बसल्यावर तुझं डोकं मांडीवर घेऊन एवढंच म्हणाली, "मन्हा घरमा कोनी मन्ही पोरनं नाव घेवाले नको." मशीन बिघडणारच होतं, सुया मोडणारच होत्या. "आते मोडनं तर कोनं नाव घेतस? तुन्हं," तू मला म्हणालीस आणि हसलीस, "आनि तुले कोनी काही म्हनत नही, तू भांडखोर शे." राग गेला नाही, पण मायवरचा थोडा उतरला.

आणि मग लढाई सुरू झाली. मुंबईचा व्यापारी कळवायला लागला की माल येत नाही. शेवटची कडी आपण किती जपली! तिला फिरवून फिरवून लावली, म्हणजे खाच एका अंगाला आणि सूत दुसऱ्या अंगाला. पण शेवटी तीही चारी बाजूंनी कापली गेली. मशीन थांबलं. तू पुन्हा पूर्वीसारखी गप्प व्हायला लागलीस. मोज्यांचं मला काय पडलं होतं? पण ते हॅन्डल फिरायचं थांबलं की तू कोपऱ्यात जाऊन बसायचीस, ते मला बघवत नव्हतं.

तांबटाकडून पितळेची कडी करून आणली. हळदकुंकू, ताट, पेचकस, मी, आणि तुझा ओरडा. चालली चांगली, पण पांढऱ्या मोज्यांवर काळी रेघ उमटली. शाळेच्या मास्तरांनी ते परत पाठवले. मग फणीवाल्याकडून शिंगाची केली. ती सुरुवातीला गुळगुळीत, मग चिरफाळली. बांगडीची काच घासून पाहिली, तिने सूत असं कापलं की मी कासाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा तुला अक्कलकुव्याच्या बाजारातल्या बायका आठवल्या, राजपिपळ्याकडून अकीकाचे मणी घेऊन येणाऱ्या. तू म्हणालीस, दगडात दगड अकीक, त्याला सूत काय कापणार. आणि भोक तर आधीच पाडलेलं. मला वाटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला. पण तू मामेभावाकडून एक मणी मागवलास. सोनाराने त्याला तारेचं कोंदण करून दिलं. मी हळदकुंकू लावलं, बसवला, तू हॅन्डलला हात लावलास, चार फेरे झाले आणि तट्‌, सूत तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. नव्या मण्याच्या भोकाची कड धारदार होती. मी तो मणी काढून भिंतीवर भिरकावला. माझा राग म्हणजे तुला माहीतच आहे.

माय तिथेच बसून डाळ निवडत होती. तिने भिंतीपाशी पडलेला मणी उचलला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "नवा शे," म्हणाली, "नवा मणी गळालेबी टोचस." सूप बाजूला सारून ती आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात तिची माळ होती. माहेरची. मामंजी गेल्यावर उतरवलेली. तिने विळीवर दोरा कापला, आपण दोघी "अगं माय" म्हणेपर्यंत मणी सुपातल्या डाळीत सांडले. मग ती एकेक मणी उचलायची, त्याच्यातून सुताचं टोक घालायची, डोळे मिटायची आणि ओढून बघायची. एक ठेवला. दुसरा ठेवला. मग एकापाशी थांबली. तो तिने पुन्हा पुन्हा ओढून पाहिला. तिच्या गळ्यात इतकी वर्षं दोऱ्यावर घासून त्याच्या भोकाची कड पार गुळगुळीत झालेली होती.

मी हळदकुंकवाचं ताट उचललं. ते माझं कामच होतं. तेव्हा माय म्हणाली, "जुना शे हाऊ. जुनाले काय कुंकू?" आणि तो मणी तिने तुझ्या तळहातावर ठेवला. "बसाड."

मग ती डाळ निवडायला बसली. डाळीतून आपले मणी वेचून पदराच्या टोकात बांधायला लागली, जणू काही झालंच नाही.

तुझे हात पाठीमागून पुढे आले, जिजी. मी ते कधी विसरणार नाही. इतकी वर्षं मला लाकडाच्या हातांची म्हणणारी तू, तुझ्या हातून पेच खाली पडला. पुन्हा घेतलास, पुन्हा पडला आणि मशीनखाली गेला. मी पालथी पडून शोधत होते आणि हसत होते, "डावा हातले व, डावा!" आणि तू माझ्या पाठीत गुद्दा घातलास. पण बसवलास. पहिल्याच झटक्यात बरोबर जागी, केसाचाही फरक नाही. मग तू सूत ओवलंस आणि हॅन्डल फिरवलंस. ते मशीन असं चाललं की जणू आजवर त्याला चालणं माहीतच नव्हतं. तू त्या दिवशी संध्याकाळी वांग्याचं भरीत केलंस आणि जेवताना गाणं गुणगुणलीस. मायने विचारलं, भरतात मिरची जास्त झाली का. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं म्हणून.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, तिला सगळं कळत होतं. तिने मुद्दाम केलं. तिचा नियम तिला मोडता येत नव्हता, म्हणून तिने त्यालाच बगल दिली. नाहीतर मणी माझ्या हातात दिला असता. तू म्हणायचीस, "तू लांब व्हतीस. ताट धरेल व्हतं तुन्हा हातमा." मी म्हणायची, लांब? मी तुला खेटून उभी होते! तू म्हणायचीस, मायचं तसं काही नसतं, जुना मणी दिसला, दिला, बस. मी म्हणायची, मग एवढे मणी तपासले कशाला? तू म्हणायचीस, "सूत तुटाले नको म्हनून." प्रत्येक गोष्टीला तुझ्याकडे उत्तर. मी चिडून म्हणाले, चल, आता विचारते तिला, आणि उठलेच. तू माझा पदर धरून मला खाली ओढलंस.

"तिले इचारू नको," तू म्हणालीस. "इचारशी तर तिले सांगनं पडी. आनि ती नही म्हनी तर?"

मला तेव्हा ते कळलं नाही. मी म्हटलं, घाबरट आहेस. तू म्हणालीस, हो आहे. मग पुढे म्हणालीस, तिने जाणूनबुजून दिला असं मी मनात धरलंय, तेवढं पुरे आहे मला; विचारलं आणि ती म्हणाली की बाई, मला सुचलंच नाही, चूक झाली, कमळाला लावायला सांग, तर मग मी काय करू? वर माझ्याकडून शपथ घेतलीस. मीही विचारायचं नाही. मी दिली शपथ, पण भांडायचं सोडलं नाही. दर दसऱ्याला मशीनची पूजा मी करायची, तू मागे उभी, आणि मी पुटपुटायची, "तिला माहीत आहे." आणि तू मागून, "गप व."

म्हणजे बघ, तू मनातून माझ्याच बाजूची होतीस. तोंडाने माझ्याशी भांडायचीस आणि मनात तेच धरून बसायचीस. तू सांगितलं होतंस, पण मला ते एवढ्या वर्षांनी आता कळतंय. आणि खात्री मात्र तुला मिळाली नाही. या गोष्टीने माझा जीव तुटतो, जिजी. तू आजारी होतीस तेव्हा माय उशाशी बसून होती, तुझ्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती. मी दारात उभी राहून मनातल्या मनात ओरडत होते, विचार ना आता! तू डोळे उघडलेस, मायकडे बघितलंस आणि पाणी मागितलंस. तिने पाजलं. एवढंच.

तू गेल्यापासून माय बोलत नाही. प्रकाशाला तापीवर आम्ही तुला पोचवून आलो, तेव्हाही ती ओट्याच्या खांबाला टेकून होती, आताही तिथेच असते. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नाही. खायला दिलं तर खाते, नाही दिलं तर मागत नाही. लेकीला पुढे पाठवून मागे राहिलेल्या आईला काय म्हणावं, मला सुचत नाही. मी तिच्याशेजारी जाऊन बसते, एवढंच करते.

तर आज दुपारी तुझ्या भावाने कड्या मांडल्या, मी ताट केलं. हळद, ओलं कुंकू, चार अक्षता. पेचकस घेतला आणि मशीनपुढे तुझ्या पाटावर बसले. मण्याचा पेच अगदी समोर होता. मी पेचकस त्याला लावला आणि माझा हात वळेना. डावीकडे फिरवायचा, मला आता डावं कळतं, तूच शिकवलंस. तरी वळेना. तुझा भाऊ मागून म्हणाला, "अगं, मणीच तर आहे. डबीत जपून ठेवू." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही जा हो जिनात! तुम्हांला काय कळतं त्यातलं? महिनाभर हॅन्डल फिरवलंत आणि सोडून दिलंत!" तो बिचारा उभाच राहिला. त्याला मी रागवते तेव्हा बरं वाटतं अलीकडे, घर पूर्वीसारखं वाटतं म्हणतो. मी रडत होते आणि पेचकस सोडत नव्हते.

तेव्हा मागे भिंतीला हात घासत येण्याचा आवाज झाला. माय आली होती. तिने मला खांद्याला धरून जरा बाजूला सारलं आणि मशीनवर हात ठेवला. चाचपडत तिला वरची काडी सापडली, मग सूत सापडलं. ते दोन बोटांत धरून ती हळूहळू खाली उतरली, पोहोचली मण्यापाशी, आणि थांबली. त्याच्या कडेवरून तिने अंगठा फिरवला, तेव्हा फिरवला होता तसाच. मला वाटलं, आता म्हणेल, काढ, माझ्या माळेचा आहे, मला परत दे. तिने म्हटलं असतं तर तिला कोणी नाही म्हटलं नसतं.

तिने हात लांबवला आणि ताट शोधलं. जिजी, मामंजी गेल्यापासून जिने कुंकवाकडे बोट नेलं नाही, ताट उंबऱ्यावरूनच माझ्या हातात देऊन जी मागे सरायची, त्या मायने करंगळीशेजारचं बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि तुझ्या मण्याला लावलं. दिसत नव्हतं, म्हणून थोडं सुतालाही लागलं.

"हाऊ तिना हातना शे," माय म्हणाली. "हाऊ ऱ्हावू दे."

आणि भिंत धरत धरत पुन्हा खांबापाशी जाऊन बसली.

तुझ्या भावाने कड्या एकेक करून कागदात गुंडाळल्या आणि पुडकं फडताळात वर ठेवून दिलं. मी पदराने तोंड पुसलं, हॅन्डलला हात घातला आणि टाच वळवायला घेतली. कुंकू लागलेलं सूत मण्यातून सुयांवर गेलं. टाचेत एक लाल ठिपका विणला गेला आहे, छोटासा, ज्वारीच्या दाण्याएवढा. हा मोजा शाळेला जाणार नाही, तो मी मायच्या पायात घालणार आहे. जोडीदार उद्या विणते. टाच बिघडली नाही, एकही टाका सुटला नाही, हवं तर येऊन बघ.

मी काही विचारलं नाही, जिजी. शपथ पाळली. तिनेच सांगितलं.